मेलबर्नच्या घराचा नकाशा अडलाय – मदत हवी आहे

मंडळी, आम्ही गिरगावात, मुलगा-सून मेलबर्नला. त्यांचा व्हिसा तात्पुरता, म्हणून जुनं घर घेता येईना; सरकारी परवानगीने मोकळा प्लॉट घेतलाय, ४ वर्षांत बांधायची अट. इथून माणशी वर्षाला २.५ लाख डॉलर पाठवता येतात, १० लाख रुपयांच्या वर २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ वसूल करते तो कर. रिटर्न भरताना वळता होतो म्हणा. खरा घोळ नकाशाचा! तिकडे ऊन उत्तरेकडून येतं, दक्षिण बाजू सावलीची. ह्यांना मात्र स्वयंपाकघर आग्नेयेलाच हवं. सून वैतागलीये. शिवाय लाकडी सांगाडा, आतून जिप्समचे पत्रे. माझी स्टीलची मांडणी त्यावर टिकेल का? तिकडे कुणी बांधलंय? बिल्डरकडून करारात काय काय लिहून घेतलंत?