मशीनवर नसतानाचे १५६ तास

आमच्या डायलिसिस सेंटरवर सकाळी एकमेकांना 'कसे आहात?' असं कोणी विचारत नाही. 'आज किती आणलंत?' असं विचारतात. किती म्हणजे किलो. मागच्या खेपेला मशीनवरून उतरताना जे वजन होतं, त्यावर दोन दिवसांत चढलेलं सगळं पाणीच असतं. दोन किलोच्या आत असलं की माणूस काट्यावरून ताठ मानेने उतरतो. साडेतीन असलं की काटा बिघडलाय म्हणतो. मीही म्हटलंय.

मला सहा वर्षं झाली. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. आठवड्याचे तास १६८, त्यातले मशीनवर १२. या बारा तासांबद्दल सांगायला डॉक्टर आहेत, टेक्निशियन आहेत, भिंतीवर तक्ते आहेत. उरलेल्या १५६ तासांत माणूस काय खातो, लग्नाकार्याला जातो का, रात्री झोपतो का, हे शेजारच्या खाटेवरूनच कळतं. म्हणून हा चर्चेचा धागा काढलाय. नावं नकोत, हॉस्पिटलचं नाव तर नकोच. आपली पाळी आणि गाव तेवढं लिहा. औषधांचे डोस एकमेकांना सुचवू नका.

सोम-बुध-शुक्र, पहाटेची पाळी, पुणे (धागाकर्ता)

सुरुवात माझ्यापासून. मला दिवसाला ६०० मिली पाणी. लघवी होते तेवढी अधिक अर्धा लिटर, असा डॉक्टरांनी घालून दिलेला हिशोब. बँकेत नोकरी केल्यामुळे मी त्याचं खातंच उघडलं. सकाळी एका बाटलीत सहाशे मिली भरायचं. चहा घेतला की तेवढं पाणी बाटलीतून काढून तुळशीला. आमटीची वाटी घेतली, की पुन्हा तुळशीला. बाटलीत उरेल ते माझं. तुळस जोमात आहे.

तहान पाण्यावाचून कमी आणि मिठामुळे जास्त लागते, हे समजायला मला दीड वर्ष लागलं. लोणचं, पापड, फरसाण बंद केलं तेव्हा बाटली संध्याकाळपर्यंत पुरायला लागली. त्याआधी दुपारी दोनलाच रिकामी व्हायची आणि मग मी गुळण्या करतो असं सांगून बेसिनपाशी चोरून प्यायचो. बायकोला कळायचं. काट्याला तर कळायचंच.

एक सावधगिरी: वहिनीने मायेने 'लो सोडियम' मीठ आणून दिलं होतं. डब्यावर बारीक अक्षरात पोटॅशियम क्लोराइड लिहिलेलं. बीपीवाल्यांना चालत असेल, पण बंद किडनीतून पोटॅशियम बाहेर जात नाही, आपल्याला ते विष आहे. डबा परत दिला. वहिनी दोन महिने बोलल्या नाहीत.

मंगळ-गुरु-शनि, संध्याकाळ, डोंबिवली

माझा फिस्टुला, म्हणजे मशीनच्या सुया टोचायची जागा, डाव्या हाताला, मनगटाच्या वर. धमनी आणि शीर जोडली, पण सुया टोचण्याजोगी शीर फुगायला दोन महिने गेले. तोवर मानेत कॅथेटर (नळी) होता, म्हणजे डोक्यावरून आंघोळ नाही आणि स्कार्फशिवाय बाहेर जाणं नाही. (लोकलमध्ये एकीने विचारलं, नवऱ्याने मारलं का?)

या हाताला बीपीचा पट्टा नाही, रक्त काढायचं नाही, जड पिशवी धरायची नाही, उशाखाली घेऊन झोपायचं नाही. आणि बांगड्या नाहीत. हे शेवटचं कागदावर एका ओळीत असतं. पण श्रावणातल्या हळदीकुंकवाला एक हात भरलेला आणि एक मोकळा घेऊन जा, मग कळेल. पहिल्या वर्षी मी गेलेच नाही. दुसऱ्या वर्षी सासूबाईंनी कासाराला सांगून उजव्या हातात दोन्ही हातांच्या मिळून चोवीस बांगड्या भरल्या. कोपरापर्यंत! कोणी काही विचारायच्या आत त्याच म्हणायच्या, 'आमच्याकडे अशीच पद्धत आहे.'

रोज झोपताना त्या जागेवर बोटं ठेवते. आत गिरणी चालू असल्यासारखी घरघर लागते. गेल्या मे महिन्यात डायलिसिसनंतर बीपी फार खाली गेलं, घरी येऊन झोपले. मध्यरात्री जाग आली, हात लावला तर गिरणी बंद. कान लावून पाहिलं, काही नाही. सकाळ होईपर्यंत थांबू असं मनात आलं होतं, पण मुलाने रिक्षा बोलावली. शिरेत गुठळी झाली होती. वेळेत गेल्यामुळे ती काढता आली. उशीर केला असता तर पुन्हा मानेत नळी आणि दुसऱ्या जागी नवा फिस्टुला. नवीन मंडळींनो, घरघर थांबली की सकाळची वाट बघू नका.

सोम-बुध-शुक्र, दुपार, शिरोळ तालुका

२०१९ च्या महापुरातलं सांगतो. ऑगस्टचा पहिला आठवडा. सोमवारी मशीनवर जाऊन आलो ते शेवटचं. मंगळवारी पाणी गल्लीत, बुधवारी उंबऱ्यात. हायवे बंद, सेंटरचा फोन लागंना. आम्ही शाळेच्या वरच्या मजल्यावर दीडशे माणसं.

चारी बाजूनं पाणी आणि मला घोट घोट मोजून. मदत आली ती केळी, चिवडा, बिस्किटं. केळ्यात पोटॅशियम, चिवड्यात मीठ. पोरं म्हणायची, आबा खा की, उपाशी का बसलाय? कुणाकुणाला समजावू? बायकोनं कुठनं तरी तांदूळ मिळवला, भात केला, पेज ओतून दिली आणि मी साखर टाकून कोरडा भात खाल्ला. चार दिवस तेवढंच. शुक्रवारी रात्री आडवं पडलं की दम लागायचा, म्हणून भिंतीला टेकून बसून काढली. पाठीला पोरगा टेकू देऊन बसलेला.

शनिवारी बोट आली. बोटीत पहिल्यांदा बाळंतीण, मग मी. जिथं मशीन मोकळं होतं तिथं नेलं. साडेपाच किलो आणलं होतं, पण काट्यावर कुणी हसलं नाही. एका खेपेत सगळं पाणी काढता येत नाही, म्हणून लागोपाठ तीन दिवस बसवलं. पायात असे गोळे आले की दोन माणसं तळपाय दाबून धरत होती.

तेव्हापासनं आमच्यात नियम आहे: पंचगंगा पात्राबाहेर पडली की मी मिरजेला पावण्यांकडं जातो. शेजारी हसतात. हसू देत.

पत्नी, नाशिक (ह्यांची मंगळ-गुरु-शनि, सकाळ)

वरचा अनुभव वाचून हातातलं काम बाजूला ठेवलं. माझं म्हणाल तर सगळं स्वयंपाकघरातलंच.

भाजी बारीक चिरायची, भरपूर पाण्यात उकळायची, ते पाणी फेकायचं आणि मग फोडणीला टाकायची. पोटॅशियम त्या पाण्यात जातं, आणि चवही त्याच्याचबरोबर जाते. मीठ घालायचं नाही. मग चव आणायची कशाने? लसूण, आलं, जिरेपूड, हिरवी मिरची, लिंबाचे चार थेंब. भोपळा, दुधी, दोडका, कोबी हे आमचे राजे. पालक आणि टोमॅटो पाहुणे. नारळपाणी शत्रू. भेटायला येणारा प्रत्येक माणूस आजारी माणसाला शहाळंच का आणतो कुणास ठाऊक! आमच्या फ्रिजवर शहाळी उतरवून ठेवायची वेगळी परडी आहे, ती सगळी वॉचमनला जातात.

सगळ्यात अवघड गेली ती आषाढी. हे चाळीस वर्षं एकादशी करतात. उपवासाचं पान डोळ्यांपुढे आणा: शेंगदाण्याचं कूट, बटाटा, रताळं, राजगिरा, खजूर, केळं, दूध. आहारतज्ज्ञ बाईंनी यादी बघून कपाळाला हात लावला. म्हणाल्या, काकू, यापेक्षा त्यांना पोळी-भाजी जेवू द्या. हे ऐकेनात. शेवटी वरईच्या तांदळावर तडजोड झाली, दाण्याचं कूट न घालता. विठोबाला चाललं असावं, कारण दुसऱ्या दिवशी वजन दीड किलोच होतं.

जेवणातला फॉस्फरस अडवणारी गोळी जेवणाच्या घासाबरोबर घ्यायची असते. जेवून उठल्यावर घेतली तर तिचा उपयोग फारसा होत नाही. हे आम्हाला वर्षभर कोणी नीट सांगितलं नव्हतं. फॉस्फरस वाढून ह्यांना रात्रभर खाज सुटायची, पाठ ओरबाडून घ्यायचे. आता गोळी ताटातच मिठाच्या जागी वाढते. मीठ नसतंच, जागा रिकामीच होती.

मंगळ-गुरु-शनि, रात्रपाळी, ठाणे

वय २९. ऑफिस सुटल्यावर मशीन, साडेअकराला घरी. डाव्या हातात सुया, उजव्या हाताने लॅपटॉप. टीममधल्या दोघांनाच माहीत आहे. शनिवारनंतर थेट मंगळवार, तो मोठा गॅप. मंगळवारी सकाळी जिना चढताना कळतं की रविवारी मिसळ खाल्ली होती. लग्नाचं म्हणाल तर स्थळं येतात, मी पहिल्याच फोनवर सांगतो, पुढचा फोन येत नाही. सध्या एवढंच.

टेक्निशियन, मराठवाडा

मी पेशंट नाही, चालेल ना? अकरा वर्षं या कामात आहे.

तुम्ही सगळे घोटाघोटाचा हिशोब लिहिताय, माझा हिशोब उलटा. मशीनमधून मिनिटाला अर्धा लिटर द्रावण जातं. चार तासांत एका माणसामागे १२० लिटर, तेही आरओचं. ते तयार करताना फेकलं जाणारं पाणी वेगळं. एप्रिल-मे मध्ये आमच्याकडे टँकरवर सेंटर चालतं. टँकर उशिरा आला की पहिली पाळी उशिरा, मग तिसऱ्या पाळीतल्या माणसाची शेवटची एसटी चुकते. डायलिसिसच्या पेशंटला एसटीचा प्रवास फुकट आहे आणि महात्मा फुले योजनेत उपचारही बसतात, पण चुकलेली एसटी कुठल्याच योजनेत बसत नाही. असे लोक आमच्याच बाकावर झोपतात. आरओचं फेकाऊ पाणी आम्ही फरशी पुसायला आणि झाडांना वापरतो.

एक विनंती. चोरून पाणी प्यायलात तर वजन करताना खिशात मोबाइल, किल्ल्या ठेवून 'हे त्याचं वजन' असं सांगू नका. आम्ही तेवढं कमी पाणी काढतो, आणि रात्री दम तुम्हाला लागतो.

धागाकर्ता

किल्ल्यांची युक्ती माझी होती, असं वाटून गेलं. सगळीकडे चालते तर!

पोटाचं डायलिसिस, सिंधुदुर्ग

मी शिक्षिका. आमच्या गावापासून सेंटर दोन तासांवर, पावसात त्याहून लांब. म्हणून सीएपीडी, म्हणजे घरीच करायचं पोटाचं डायलिसिस, घेतलं. पोटात कायमची नळी, दिवसातून चार वेळा पिशवीतलं दोन-दोन लिटर द्रावण आत सोडायचं, आधीचं पाणी बाहेर काढायचं. प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास. मशीन नाही, वीज नाही. पिशवी खुंटीला वर, रिकामी पिशवी जमिनीवर, बाकीचं काम उताराचं. जूनमध्ये चार दिवस वीज नव्हती तेव्हा गावात फक्त माझंच काही अडलं नाही.

पथ्य एकच आणि तेच जीवघेणं: स्वच्छता. दार बंद, पंखा बंद, मास्क, हात कोपरापर्यंत धुवायचे. मधल्या सुट्टीतली पिशवी मुख्याध्यापकांच्या केबिनशेजारच्या खोलीत बदलते. पूर्वी तिथे नकाशे ठेवायचे. बाहेर आलेलं पाणी पिशवीखाली वर्तमानपत्र धरून पाहते. अक्षरं वाचता आली तर ठीक. एकदा अक्षरं धुरकट दिसली, त्याच दिवशी पोटात कळा आणि ताप. आठ दिवस अॅडमिट.

आणखी एक, कोकणातल्या लोकांसाठी. परसात कमरखाचं (स्टारफ्रूटचं) झाड आहे. आंबट-गोड फळ, लहानपणापासून मीठ लावून खाल्लेलं. दोन फोडी खाल्ल्या आणि संध्याकाळपासून उचकी लागली ती थांबेना. रात्री मी नवऱ्याला भावाच्या नावाने हाक मारत होते म्हणे. डॉक्टरांनी सांगितलं, किडनी बंद असलेल्या माणसात या फळातलं विष मेंदूवर जातं, झटके येऊन माणूस दगावूही शकतो. मला दोन दिवस सावंतवाडीला नेऊन मशीनवर ठेवलं. झाड तोडलेलं नाही, पण फळं उतरवून पुरतो.

पूर्वी सोम-बुध-शुक्र, सातारा

आईची किडनी बसवून चौदा महिने झाले. आता डॉक्टर म्हणतात, दिवसाला तीन लिटर प्या. पीत नाही म्हणून ओरडा खातो. हॉटेलात बसलो की पाण्याचा ग्लास अजून आपोआप दूर सरकवतो. चहा निम्माच पितो. आई समोर तांब्या घेऊन बसते आणि 'माझी किडनी आहे ती, सुकवू नको' म्हणते.

धागाकर्ता

साताऱ्याचे गृहस्थ, तुमच्या वाटचं थोडं इकडे पाठवा. बाकीच्यांना उत्तरं उद्या, मशीनवर बसल्यावर. उजवा हात मोकळा असतो. आज रविवार होता, भाच्याची मुंज होती, मठ्ठा नाही म्हटलं, जिलबीचं एक वेढं खाल्लं. पावणेदहा वाजलेत आणि बाटलीत ऐंशी मिली आहे. त्यातलं तीस रात्रीच्या गोळ्यांना लागेल.