रेडिओ बटन बदललं तरी आधीच्या पर्यायाचा रंग जाईना

शेंगाचटणी: सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलवाल्यांचा ऑर्डर फॉर्म करालोय. साईजला चार रेडिओ बटन (चारातलं एकच निवडता येतं ती गोल बटनं), प्रत्येक आपापल्या लेबलच्या आत, निवडलं की अख्खं लेबल पिवळं व्हावं एवढंच पाहिजे. प्रत्येकाला चेंज इव्हेंट (निवड बदलली की ब्राउझर देतो ती सूचना) लावलाय, चेक्ड असेल तर पिवळा रंग देणारा क्लास लाव नसेल तर काढ, तरी एकावरनं दुसऱ्यावर गेलं की दोन्ही पिवळे, तिसऱ्यावर गेलं की तिन्ही. खाली पॅकिंगच्या चेकबॉक्सला हाच कोड नीट चालतो, मग इथं काय झालंय? जेक्वेरी लायब्ररी नको, साधं जावास्क्रिप्टच पाहिजे.

जुना_माग: रेडिओत चेंज फक्त नव्यानं निवडलेल्यावर येतो. जे सुटलं त्याला काही कळतच नाही, म्हणजे तुझं एल्स (ते 'नसेल तर काढ') कधी चालतच नाही बघ. चेकबॉक्स स्वतःच चालू-बंद होतो म्हणून तिथं अडत नाही. एकच फंक्शन कर, क्वेरीसिलेक्टरऑलनं त्या नावाचे सगळे रेडिओ घे, फॉरईच फिरव, प्रत्येकाच्या क्लोजेस्ट लेबलवर क्लासलिस्टचं टॉगल, दुसरं आर्ग्युमेंट त्याचं चेक्ड. लिसनर (इव्हेंट ऐकणारा कोड) चार लावायची गरज नाही, फॉर्मवर एकच लाव, चेंज इव्हेंट बटनावरनं फॉर्मपर्यंत वर चढत येतो. आणि पेज लोड झाल्यावर पण ते फंक्शन एकदा चालव, फायरफॉक्स रिफ्रेशनंतरही आधीची निवड धरून ठेवतो.

होटगी_रोड: एवढ्यासाठी जावास्क्रिप्ट कशाला बे? सीएसएसमध्ये हॅझ सिलेक्टर आहे की, लेबलच्या आत चेक्ड इनपुट असेल तर बॅकग्राउंड पिवळा, एका ओळीत काम. फायरफॉक्समध्ये डिसेंबर २०२३ च्या १२१ पासून आलंय, क्रोम-सफारीत २०२२ पासूनच आहे.

शेंगाचटणी: टॉगलनं झालं, थँक्यू! हॅझ नाही जमायचं, त्यांच्या ऑफिसातले कॉम्प्युटर लै जुने आहेत. आता रीसेट दाबलं की निवड जाते पण पिवळा तसाच.

जुना_माग: रीसेटला चेंज येतच नाही. रीसेट इव्हेंट वेगळा ऐकायचा, आणि तो फॉर्म रिकामा व्हायच्या आधी येतो, म्हणून फंक्शन सेटटाइमआउट शून्यात टाक, म्हणजे ते रीसेट झाल्यावर चालेल. कोडमधनं चेक्ड ट्रू केलं तरी चेंज येत नाही, तिथंही फंक्शन हातानं बोलव.

होटगी_रोड: गोल बटन लपवणार असशील तर डिस्प्ले नन करू नको, टॅब दाबून तिथं जाताच येत नाही मग. ओपॅसिटी शून्य कर आणि फोकसला लेबलभोवती आउटलाइन दे, ऑर्डर भरणारे लोक माऊसला हात लावत नाहीत.