एच-४ वरची लेक मार्चमध्ये २१ ची होतेय. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) इथूनच करावा की मुंबईला जाऊन? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहायची वेळ आली. आम्ही न्यू जर्सीत राहतो. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मी आणि मुलगी त्याच्यावर अवलंबून म्हणून एच-४ वर. २०१० मध्ये सांगलीहून आलो तेव्हा ती चार वर्षांची होती. बालवाडीपासून सगळं शिक्षण इथेच झालं, आता कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे. येत्या मार्चमध्ये २१ पूर्ण होतील आणि त्या दिवशी तिचा एच-४ संपेल.

ग्रीन कार्डसाठी आमची ईबी-२ (नोकरीवरच्या ग्रीन कार्डांचा एक गट) मधली प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा ठरवणारी तारीख, नोव्हेंबर २०१५ ची आहे. नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, त्यात बायकामुलंही मोजतात, आणि एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा. भारतीयांची रांग का सरकत नाही हे इथे कुणाला नव्याने सांगायला नको. २००२ च्या चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन कायद्याप्रमाणे आय-१४० (कंपनीने भरलेला ग्रीन कार्डचा अर्ज) मंजूर व्हायला लागलेले दिवस मुलाच्या वयातून वजा होतात. आमचे पाच महिने लागले होते, म्हणजे तेवढीच सवलत. शिवाय ऑगस्ट २०२५ पासून वय मोजताना व्हिसा बुलेटिन या रांगेच्या मासिक पत्रकातला फाइलिंगचा (अर्ज भरण्याचा) तक्ता न धरता उशिरा येणारा, कार्ड प्रत्यक्ष मिळण्याचा, फायनल अ‍ॅक्शनचा धरतात. या हिशोबाने ती २१ ची होण्याआधी आमचा नंबर लागणार नाही, असं वकिलांनी स्पष्ट सांगितलंय.

मला सगळ्यात लागतं ते वेगळंच. माझ्याही व्हिसावर एच-४ आणि तिच्याही. नवऱ्याचा आय-१४० मंजूर असल्यामुळे २०१५ च्या नियमाने मला काम करता येतं, मी करतेही. मुलांना ती सोय नाही. सतराव्या वर्षी तिने आईस्क्रीमच्या दुकानात उन्हाळ्यापुरती नोकरी मिळवली होती. नोकरीला लागणाऱ्या सोशल सिक्युरिटी नंबरच्या रकान्याशी आल्यावर मला हाक मारली, "आई, इथे काय लिहू?" तो अर्ज अजून तिच्या टेबलाच्या खणात आहे.

तिच्या कॉलेजच्या लायब्ररीत मेक्सिकोहून आलेली एक मुलगी काम करते. तीही तिसऱ्या वर्षी आईच्या कडेवर आलेली, पण कागदांशिवाय. तिच्याकडे डाका आहे, म्हणजे लहानपणी कागदांशिवाय आलेल्यांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण आणि कामाची परवानगी, दर दोन वर्षांनी नूतनीकरण. १५ जून २०१२ ला ओबामांनी डाका जाहीर केलं, तेव्हा त्या दिवशी ज्यांच्याकडे कायदेशीर स्टेटस होतं त्यांना त्यातून वगळलं. (आमची लेक तशीही बसली नसती, त्याला जून २००७ पासून इथे राहत असण्याची अट आहे.) पण म्हणून त्या मुलीचं फार बरं चाललंय असंही नाही. २०१७ मध्ये ट्रम्प सरकारने डाका बंद करायला घेतलं, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टात पाच विरुद्ध चार मतांनी ते तरलं. शिवाय टेक्सासने डाकाविरुद्ध केलेल्या खटल्याची तलवार डोक्यावर आहेच, आणि ग्रीन कार्डची वाट तिला त्यातून मिळत नाही.

मंडळाच्या गणपतीत यावरून वाद झाला. एक काका म्हणाले, "आपण रांगेत उभे राहिलो, ते घुसले. त्यांना कसली माफी?" मला ते पटत नाही. चार वर्षांच्या पोरीने रांग निवडली नव्हती आणि तीन वर्षांच्या पोरीने सीमा. तिच्यासारख्यांना ग्रीन कार्डची वाट देणारा ड्रीम अ‍ॅक्ट २००१ पासून संसदेत येतोय. आपल्या मुलांसाठीचं अमेरिकाज चिल्ड्रन अ‍ॅक्ट हे विधेयक २०२१ पासून मांडलं जातंय, त्याला दोन्ही पक्षांचे लोक आहेत, तरी तेही अडकलेलंच. एकाने दुसऱ्याला ढकलून दोघांपैकी कुणाचंच होणार नाही असं माझं मत आहे. तुमचं वेगळं असलं तरी जरूर लिहा, पण आधी माझ्या प्रश्नांकडे बघा.

आय-५३९ (स्टेटस बदलण्याचा अर्ज) भरून इथूनच एफ-१ करून घ्यावा, की हिवाळ्याच्या सुट्टीत मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये जाऊन व्हिसा घ्यावा? मुंबईत "परत भारतात येणार का?" असं विचारलं तर ती खोटं बोलणार नाही, आणि २१४(बी) खाली (परत जाण्याचा इरादा पटला नाही म्हणून) नकार आला तर पोरगी तिकडे, आम्ही इकडे.

डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जात "तुमच्यासाठी कुणी इमिग्रंट पिटिशन भरली आहे का?" असा प्रश्न असतो. आय-१४० नवऱ्याच्या नावाचा आहे. मुलीने हो लिहायचं की नाही?

एफ-१ झाल्यावर तुमच्या कॉलेजने फी बाहेरच्या विद्यार्थ्यांची लावली का? आमच्या कॉलेजात दोन खिडक्यांवर दोन उत्तरं मिळाली.

भर: सगळ्यांचे मनापासून आभार. आय-५३९ प्रलंबित असताना देश सोडला तर अर्ज सोडून दिला असं धरतात, हे मला माहीत नव्हतं. वकिलांनी दुजोरा दिला. आम्ही डिसेंबरची सांगलीची तिकिटं काढून ठेवली आहेत. सासूबाई ८१ च्या आहेत, नातीची वाट बघतायत. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. इथूनच अर्ज करायचा ठरला तर लेक मागे राहील आणि आम्ही दोघंच जाऊ.

डीएस-१६० बद्दल मात्र अजून कुणी लिहिलं नाहीये. मुंबईत एच-४ वरून एफ-१ घेतलेलं तुमच्या ओळखीत कुणी असेल तर कृपया विचारून सांगा, अगदी जुना अनुभव असला तरी चालेल.