मदत हवी आहे: क्रोशाच्या पिशवीचा पट्टा लोंबतो

ताई-माई, फुलांच्या १३ चौकोनांची तिरकी जोडलेली पिशवी विणतेय. ४ प्लाय सुती दोरा, साडेतीन मिमीची सुई, चौकोन १४ सेंमी. फूल आठ पाकळ्यांचं, पाकळ्यांमागून साखळ्या, त्यावर खांब (उंच टाके), कोपऱ्यात ३ खांब, २ साखळ्या, ३ खांब. (पाकळ्यांमागे ३ साखळ्या घेतल्या तर चौकोन वाटीसारखा फुगतो, ४ घेतल्या की सपाट बसतो.)

अडचण पट्ट्याची. मुक्या खांबांच्या (आखूड टाक्यांच्या) ६ ओळी, लांबीत विणलेल्या. दोन किलो भरताची वांगी टाकली की पट्टा ताणून पिशवी पार गुडघ्याला लागते! आत कॅनव्हासची पट्टी शिवावी, की ३ मिमीच्या सुईने घट्ट विणून भागेल?

अस्तराला मांजरपाट घेणार, आधी धुऊन आटवून. नाहीतर पहिल्याच धुण्यात अस्तर आकसून पिशवी चुरगळते. पण अस्तर नुसतं तोंडाशी टाचलं तर वजन चौकोनांवरच राहील ना? पट्ट्याच्या मुळाशीही पक्कं शिवावं का?

शिवाय चार कोपरे भेटतात तिथे करंगळी जाईल एवढं भोक पडतं. जोडताना कोपऱ्याच्या साखळ्यांत दोनदा सुई घालायची, की शेवटच्या फेरीत कोपऱ्याला एकच साखळी ठेवायची?

पट्ट्याच्या आत शिवायला इंचभर रुंद सुती पट्टी जळगाव-भुसावळकडे कुठे मिळते, तेही सांगा.