स्पर्श ओळखण्याच्या सरावाने मनगटाची जुनी वेदना खरोखर कमी होते का?

प्रश्न : कोथरूडची वाचक

नमस्कार. माझे वय 56 आहे. गेल्या पावसाळ्यात कर्वे रस्त्यावर स्कूटर घसरून माझ्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले, हाडही व्यवस्थित जुळले; परंतु वेदना गेली नाही, उलट ती पंजाभर पसरली. साडीचा पदर नुसता घासला तरी झोंबते, हात कधी गार पडतो तर कधी लालसर होतो, आणि डोळे मिटले की तो आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. तपासणीनंतर डॉक्टरांनी याला 'सीआरपीएस' (कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम, म्हणजे दुखापतीनंतर तिच्या मानाने फार जास्त आणि दीर्घकाळ टिकणारी वेदना) म्हटले आहे.

फिजिओथेरपिस्टनी औषधांच्या जोडीला एक सराव दिला आहे. हाताच्या पाठीवर पाच खुणा करून त्यांना क्रमांक द्यायचे, सुनेने पेनच्या टोपणाने किंवा बाटलीच्या बुचाने त्यांतल्या एका खुणेवर हलके टेकवायचे, आणि मी न बघता कोणती खूण व कोणती वस्तू ते सांगायचे. तीन आठवडे झाले, फरक जाणवत नाही. नुसते ओळखण्याने दुखणे कसे कमी होईल, हे मला कळत नाही. घरातले म्हणतात की त्यापेक्षा तेल लावून चोळलेले बरे. शिवाय दुखणे मेंदूशी जोडले जाते, तेव्हा ते माझ्या मनाचे खेळ आहेत असे तर कोणी सुचवत नाही ना, ही शंका मला फार लागते.

उत्तर 1 : सिंहगड रस्ता, फिजिओथेरपिस्ट

ताई, शेवटच्या शंकेपासून सुरुवात करते. आपली वेदना पूर्णपणे खरी आहे. मेंदू हा शरीराचाच अवयव आहे, आणि मज्जासंस्था दीर्घकाळ अतिसंवेदनशील राहिली की साधा स्पर्शही धोक्याच्या सूचनेसारखा पोहोचू लागतो. यात मनाच्या दुबळेपणाचा काहीही संबंध नाही.

आता ओळखण्याबद्दल. त्वचेच्या प्रत्येक भागासाठी मेंदूच्या पृष्ठभागावर जागा राखलेली असते, जणू तेथे शरीराचा नकाशाच असतो. मेंदूचे शल्यचिकित्सक पेनफिल्ड आणि बोल्ड्री यांनी 1937 मध्ये त्याचे तपशीलवार वर्णन केले. बोटांच्या टोकांना या नकाशात मोठी जागा असते, म्हणून तेथे दोन-तीन मिलिमीटरवर असलेले दोन स्पर्श वेगळे कळतात, तर पाठीवर त्यासाठी सुमारे 4 सेंटिमीटर अंतर लागते. हा नकाशा वापरानुसार बदलतो. आपल्यासारख्या दुखण्यात दुखऱ्या हाताची ही पारख अनेकदा मंदावलेली आढळते, आणि हात मोठा वाटणे हेही त्याच गोंधळाशी जुळणारे लक्षण आहे. जर्मनीत हेर्टा फ्लोर यांच्या गटाने 1995 मध्ये दाखवले की अवयव कापल्यानंतर नसलेल्या अवयवात जाणवणारी वेदना जितकी तीव्र, तितका मेंदूतील नकाशाही अधिक बदललेला असतो. आणि 2001 मध्ये स्पर्श ओळखण्याच्या दोन आठवड्यांच्या सरावाने ती वेदना कमी झाल्याचे त्याच गटाने नोंदवले.

तेलाच्या प्रश्नाचे उत्तर वेदनेचे संशोधक लोरिमर मोझली यांच्या 2008 मधील अभ्यासात आहे. त्यात आपल्याच आजाराचे 13 रुग्ण होते. त्यांना काही दिवस नुसता स्पर्श केला गेला आणि काही दिवस त्याच स्पर्शाची जागा व वस्तू ओळखायला सांगितली गेली. वेदना आणि स्पर्शाची पारख सुधारली ती ओळखण्याच्या काळातच. चोळण्याने क्षणभर बरे वाटेल, परंतु त्यात मेंदूला काही निवडावे लागत नाही, आणि या उपचाराचा सारा भर त्या निवडीवर आहे.

म्हणूनच मला विचारावेसे वाटते की सूनबाई खुणांवर क्रमाने तर टेकवत नाहीत ना? क्रम ठरलेला असेल तर आपण स्पर्श न ओळखता पुढचा आकडा सांगत राहाल. प्रत्येक वेळी किती उत्तरे चुकली ते वहीत लिहा. चुका फारच थोड्या होऊ लागल्या की खुणा एकमेकींच्या जवळ आणा. सरावानंतर ठणका बराच वेळ टिकला, तर स्पर्शांची संख्या कमी करून आपल्या फिजिओथेरपिस्टना कळवा. हात नव्याने बधिर झाला किंवा पकड अचानक ढिली पडली, तर मात्र सराव थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा.

उत्तर 2 : शनिवार पेठेतील रहिवासी

माझे दुखणे कमरेचे, सात वर्षांचे. मला पाठीवर बोटाने गिरवलेली अक्षरे ओळखण्याचा सराव दिला होता आणि ते काम पत्नीने न कंटाळता केले, हे मी कृतज्ञतेने नोंदवतो. सुरुवातीला 'ग' आणि 'ठ' यांतला फरकही दुखऱ्या बाजूला कळत नसे, दुसऱ्या बाजूला मात्र लगेच कळे. तो अनुभव मला हादरवणारा होता. पुढे आम्ही 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' अशा फसव्या जोड्यांपर्यंत पोहोचलो. दुखणे संपलेले नाही, पण पर्वतीच्या पायऱ्या मी पुन्हा चढतो. पहिला महिना मलाही काहीच जाणवले नव्हते.

उत्तर 3 : औंधचा वाचक

आशा ठेवताना तिचे माप माहीत असावे, म्हणून लिहितो. ऑस्ट्रेलियात जुन्या कंबरदुखीच्या 276 रुग्णांवर झालेली एक चाचणी 2022 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात 12 आठवडे स्पर्श व हालचालींचे टप्प्याटप्प्याने प्रशिक्षण दिले होते. अठराव्या आठवड्यात तुलनेच्या गटापेक्षा वेदना दहापैकी सुमारे 1 अंकाने कमी भरली. तो फरक खरा आहे, पण मोठा नाही. शिवाय त्या कार्यक्रमात वेदनेविषयीचे शिक्षण आणि व्यायामही होता, त्यामुळे सगळे श्रेय स्पर्शाला देता येत नाही. सराव जरूर करावा, मात्र त्याच्या भरवशावर औषधे किंवा हाताच्या हालचाली स्वतःहून बंद करू नयेत.

प्रश्नकर्तीचे उत्तर : कोथरूडची वाचक

सर्वांचे मनापासून आभार. सुनेला विचारले, तर ती खरोखरच एक ते पाच असे क्रमानेच टेकवत होती, आणि माझी उत्तरे जवळजवळ सगळी बरोबर येत असल्याने आम्ही दोघी समाधानी होतो. काल रात्री तिने आकड्यांच्या चिठ्ठ्या वाटीत टाकून, निघेल त्या खुणेवर टेकवले. चाळीस स्पर्शांपैकी माझे एकोणीस चुकले, आणि त्यांतले बहुतेक करंगळीकडच्या तिसऱ्या व चौथ्या खुणेचे, जिथे पदर सर्वांत जास्त झोंबतो. वही आजपासून सुरू केली आहे.