काडतुसाच्या केसला (पितळी टरफलाला) लॅनोलिन की वॅक्स? आणि केसचं वंगण प्रेसला लावणं थांबवा

सांगलीचा_टेक्सासकर:
मंडळी, मी डॅलसजवळ राहतो, ग्रीनकार्ड आल्यावर पहिली रायफल घेतली आणि आता सहा वर्षं गॅरेजमध्ये झाडलेल्या केसेस हाताच्या प्रेसवर मापात आणून स्वतःची काडतुसं स्वतः भरतोय, .३०८ आणि ६.५ क्रीडमूर या रायफलच्या मापांची. परवा एका मित्राकडे गेलो तर तो केसला, प्रेसच्या रॅमला (केस वर डायमध्ये ढकलणाऱ्या दांड्याला) आणि रायफलच्या बोल्टला (चेंबर मागून बंद करणाऱ्या खिळीला) एकाच बाटलीतलं तेल लावत होता आणि वर म्हणतो तेल ते तेल. मला राहवलं नाही म्हणून हा धागा.
गोळी झाडली की पितळी केस चेंबरच्या, म्हणजे बंदुकीत ती बसते त्या पोकळीच्या, मापाला फुगते, ती परत मापात आणायला स्टीलच्या सायझिंग डायमध्ये (साच्यात) दाबून घालावी लागते. मान बारीक असलेली रायफलची केस कोरडी घातली तर आतच चिकटते, मग हँडल ओढलं की केसला बुडाशी धरणारा शेल होल्डर खालची कड फाडून बाहेर येतो आणि केस राहते डायमध्ये. माझं पहिल्याच वर्षी झालंय. स्प्रे मारला आणि वाळायची वाट न बघता घातली, तिसरीच केस अडकली. बुडाला ड्रिल मारा, आटे पाडा, पाव इंची बोल्ट घालून ओढा, अख्खी संध्याकाळ गेली.
तेव्हापासून घरीच बनवतो. एक भाग पातळ लॅनोलिन, बारा भाग ९९ टक्केवालं आयसोप्रोपिल अल्कोहोल (दुकानात समोरच दिसतं ते ७० टक्केवालं नको, त्यात पाणी असतं, नीट मिसळत नाही). झिपलॉकमध्ये केसेस टाकायच्या, थोडं मारायचं, हलवायचं, ट्रेमध्ये पसरून पंधरा मिनिटं अल्कोहोल उडू द्यायचं, मगच डाय. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतलं मेण, बाटली उघडली की मला आमच्या आजोबांच्या घोंगडीचा वास येतो. माझं ठाम मत, रायफलच्या केसला याच्यापेक्षा चांगलं काही नाही, उगाच महागड्या डब्या घेऊ नका.

जुना_फिटर:
सांगलीकर, अडकलेल्या केसचं अगदी बरोबर लिहिलंत पण निष्कर्ष चुकला. मी भोसरीला प्रेस टूलच्या शॉपमध्ये अठरा वर्षं काढली, आता मिशिगनला मुलाकडे असतो आणि त्याच्याच बेंचवर बसून हे काम करतो. डायमध्ये पितळ ओढताना वंगण किती यापेक्षा ते कुठे आहे हे महत्त्वाचं, आणि पिशवीत हलवलं की ते कुठेही जातं. केसच्या खांद्यावर, म्हणजे मानेखालच्या उतारावर, जास्त बसलं तर डायमध्ये त्याला जायला जागा नाही, ते काही दाबून लहान होत नाही, मग पितळच आत जातं आणि खांद्यावर खळगे पडतात. नवीन पोरं मला फोटो पाठवतात, काका हे काय झालं म्हणून, दहातल्या नऊ वेळा वंगण जास्त असतं.
मी इम्पीरियलचं सायझिंग वॅक्स वापरतो. बोटाच्या टोकाला पुसटसं घ्यायचं, केसच्या अंगाला बुडाकडून वर फिरवायचं, खांद्याला हात लावायचा नाही, बोटाला जे उरतं तेवढं पुढच्या केसला पुरतं. एक डबी मला चार वर्षं गेली, त्यामुळे महाग म्हणू नका. मानेच्या आत फक्त ब्रशने कोरडं ग्राफाइट. तुमचं लॅनोलिन केसच्या आत उतरतं आणि तिथे उद्या दारूची पावडर भरायची आहे हे विसरू नका.

सांगलीचा_टेक्सासकर:
काका, तुमचा अनुभव मोठा आहे पण मी एका बैठकीला ३०० केसेस करतो, प्रत्येकीला बोट फिरवायचं म्हटलं तर माझी बोटं शेवटच्या शंभराला दुखतात आणि तिथेच एखादी सुटते, सुटली की अडकली. खळग्यांचं म्हणाल तर आधी डायच्या बाजूचं हवा जायचं भोक साफ करा, अर्ध्या लोकांचं ते बुजलेलं असतं. आणि आत उतरतं ते मला हवंच आहे, मान आतून मापाला आणणारा डायमधला एक्स्पांडर बॉल बाहेर येताना मान किंचाळत नाही. सायझिंग झालं की प्रायमर (बुडातली, दारू पेटवणारी टोपी) बसवायच्या आधी केसेस मक्याच्या बुरकुंडाच्या भुशात तासभर फिरवतो, आत काही राहत नाही.

नीता_फिनिक्स:
तुम्ही दोघं फक्त रायफलचंच बोलताय. मी ९ एमएम भरते, मॅचसाठी, महिन्याला हजारभर, डिलन कंपनीच्या प्रोग्रेसिव्ह प्रेसवर, जिथे सगळे टप्पे एकापाठोपाठ एकाच मशीनवर होतात. पिस्तुलाची डाय कार्बाइडची (फार कठीण, गुळगुळीत धातूची), पुस्तकात लिहिलेलं असतं वंगणाची गरज नाही, आणि खरंच अडकत नाही. पण ९ एमएमची केस सरळ नसते, बुडाकडे किंचित रुंद असते, कोरडी भरली की दोनशेनंतर उजवा खांदा बोलायला लागतो. म्हणून मी लॅनोलिनचा स्प्रे हलकासा मारतेच. जे म्हणतात कार्बाइडला वंगण म्हणजे भित्र्यांचं काम, त्यांनी एकदा हजार करून बघावेत.
आता प्रोग्रेसिव्हवर अडचण अशी की केस आत जाते आणि भरलेलं काडतूसच बाहेर येतं, मध्ये भुश्यात फिरवायला जागाच नाही. म्हणून मी शेवटी जुन्या टॉवेलवर घेऊन पुसते. माझ्या क्लबातले बरेच जण पुसतही नाहीत, म्हणतात जरासं राहिलं तर काय होतं.

जुना_फिटर:
नीताताई, पुसताय ते उत्तम, आणि न पुसणाऱ्यांना माझा निरोप द्या. गोळी सुटते त्या क्षणी केस चेंबरच्या भिंतीला घट्ट धरते आणि मागचा थोडा रेटा स्वतःवर घेते. केस बुळबुळीत असेल तर तो सगळा रेटा बोल्टवर जातो. पिस्तुलात खपून जाईल, रायफलमध्ये मी अजिबात मान्य करणार नाही.

डेन्व्हर_देशपांडे:
एवढा गोंधळ कशाला, मी केसला डब्ल्यूडी-४० चा स्प्रे मारतो, तीन वर्षं काही बिघडलं नाही. आणि तेलाने प्रायमर मरतो ही भीती पण फार वाढवून सांगतात, मी स्वतः पाच प्रायमर तेलात रात्रभर बुडवून ठेवले होते, त्यातले चार तरीही वाजले.

सांगलीचा_टेक्सासकर:
देशपांडे, पाचातला एक वाजला नाही हे तुम्हीच सांगताय. आणि ते डब्ल्यूडी-४० १९५३ साली पाणी हटवायला बनवलेलं आहे, नावातच आहे, डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट. सायझिंगच्या दाबाला टिकेल असा थर ते धरत नाही. पातळ भिंतीच्या .२२३ ला तुमचं निभावलं असेल, .३०८ ला करून बघा म्हणणार नाही, कारण मग तुमची केस डायमध्ये अडकेल आणि मला वाईट वाटेल.

करवीर_नेम:
कोल्हापूरहून वाचतोय. स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये नेमबाजीत ब्राँझ घेतल्यापासून आमच्याकडे रेंजवर पोरांची गर्दी आहे, .२२ च्या गोळ्या महाग पडतात. हे आपल्याकडे करता येईल का?

सांगलीचा_टेक्सासकर:
भावा, नाही. एक तर .२२ ही रिमफायर, पेटणारं मिश्रण केसच्या कडेतच भरलेलं असतं, एकदा कड ठेचली की ती केस संपली. दुसरं, १९५९ च्या आर्म्स ॲक्टप्रमाणे आपल्याकडे लायसन्सशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे घरी प्रयोग करायचा विचारही नको. इथे अमेरिकेतसुद्धा एच-वन या नोकरीच्या व्हिसावर नुकत्याच आलेल्यांनी जपून, त्या व्हिसावर बंदूकच काय गोळ्या बाळगायलाही मनाई आहे, हंटिंग लायसन्ससारखे थोडेच अपवाद आहेत.

ओहायोची_माई:
माझा नवरा भरतो, मी भरत नाही, पण मूळ मुद्दा प्रेसचा होता तो सगळे विसरले. झडलेल्या प्रायमरची राख रॅमवर पडते, त्यात शिसं असतं. रॅमवर तेल थबथबलेलं असेल तर ती राख त्यात बसते, मग हात, मग दाराची मूठ, आणि आमची लेक दोन वर्षांची आहे, सगळं तोंडात घालते. केसला कुठलं मेण लावायचं त्यावर तुम्ही हवं तेवढं भांडा, पण रॅम पुसलेला हवा आणि गॅरेजमधून आत येताना हात साबणाने धुतलेले हवेत, यावर आमच्या घरी चर्चा नाही.

जुना_फिटर:
माई, शंभर टक्के. ती राख आणि तेल मिळून लॅपिंग पेस्ट, म्हणजे धातू घासून झिजवणारा लगदा, होते, रॅम आणि त्याची बाही दोन्ही खाते. मी दर शंभर केसेसना रॅम कोरडा पुसतो आणि एकच थेंब शिलाई मशीनचं तेल, बस.

नीता_फिनिक्स:
एक थेंब सिंगल स्टेजला, म्हणजे एका वेळी एकच काम करणाऱ्या प्रेसला, ठीक आहे काका, माझ्या प्रेसला पुरणार नाही. मी शाफ्टला साधं ३० नंबरचं इंजिन ऑइल आणि खालच्या पिनांना बेअरिंगचं ग्रीस घालते. पुसणं मात्र दर वेळी, माईंचं पटलं.

सांगलीचा_टेक्सासकर:
प्रेसचं मिटलं म्हणायचं, माझ्या मित्राला हे सगळं पाठवतो. लॅनोलिनवर मी ठाम आहे.

जुना_फिटर:
ठाम राहा, पण मोजा. एकाच रायफलमधून सुटलेल्या वीस केसेस घ्या, दहा तुमच्या पद्धतीने, दहा वॅक्सने, डायला हात न लावता. कम्पॅरेटरने (कॅलिपरला लावायच्या मापाच्या जोडाने) बुडापासून खांद्यापर्यंतचं माप काढा. खांदा दोन हजारांश इंच मागे गेला पाहिजे, आणि दहाही केसेसना सारखा. माझं म्हणणं आहे की पिशवीवाल्या केसेसमध्ये फरक जास्त येईल कारण वंगण कमीजास्त बसतं. मीही इथे वीस करतो, रविवारी आकडे टाकतो.

सांगलीचा_टेक्सासकर:
चालेल काका. माझ्याकडे तीनदा झडलेलं पितळ आहे, तुमच्याकडेही तीनदाचंच घ्या, नाहीतर पितळ कडक झाल्याचा फरक वंगणाच्या नावावर जाईल.