ग्रीफरला मराठीत काय म्हणायचं?

गेम्सवरच्या संशोधनाबद्दल मराठीत लिहितेय आणि एका शब्दापाशी अडकलेय, ग्रीफर. म्हणजे ज्याला जिंकायचं नसतंच, दुसऱ्यांचा खेळ नासवण्यात मजा येते तो. सप्टेंबर २००५ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये हक्कार नावाच्या बलाढ्य शत्रूशी लढताना लागणारा करप्टेड ब्लड हा संसर्ग खरंतर तिथेच राहायचा, पण खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांबरोबर तो शहरांत पोचला आणि नवखे खेळाडू पटापट मरायला लागले. कोणी बाकीच्यांना बरं करायला धावलं, कोणी पळ काढला, आणि काहींनी मुद्दाम गर्दीत जाऊन रोग पसरवला. लॉफग्रेन आणि फेफरमन या संशोधकांनी २००७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या संसर्गरोगांवरच्या आवृत्तीत यावर पेपर लिहिला, की खऱ्या साथीत माणसं कशी वागतात ते अशा खेळांतून शिकता येईल. आता या मुद्दाम पसरवणाऱ्यांना 'खोडकर' म्हटलं तर फारच लाडाचं वाटतं हो.

— विघ्नसंतोषी! इतका नेमका शब्द असताना शोधायचं कशाला?

— विघ्नसंतोषी छानच, पण त्यात संतोषावर जोर आहे. दुसऱ्याचं लग्न मोडलं की घरी बसून खूश होणाराही विघ्नसंतोषीच, त्याने स्वतः काही केलेलं नसलं तरी. ग्रीफर स्वतः उठून करतो. 'काड्या करणारा' जवळचा वाटतो मला.

— काड्या म्हणजे दोघांत भांडण लावणं, ते वेगळं. आणि कोणी 'रडीचा डाव' सुचवायच्या आत सांगतो, रड्याला जिंकायचं असतं म्हणून तो लबाडी करतो, इथे जिंकणं हा मुद्दाच नाही. गेम्सचा अभ्यासक रिचर्ड बार्टल याने १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार केले, कमाई करणारे, धुंडाळणारे, गप्पा मारणारे आणि दुसऱ्यांवर तुटून पडणारे, त्यातल्या चौथ्यांचा हा भाऊबंद. लहानपणी पत्त्यांचा बंगला उभा राहिला की येऊन फुंकर मारणारा एक असायचाच ना, तो हा. 'डावमोड्या' कसं वाटतं?

— डावमोड्या!! घरफोड्या, हाडमोड्या याच घडणीचा आहे की. डेंग्यूला आपल्याकडे हाडमोड्या ताप म्हणतातच, म्हणजे साथीच्या गोष्टीत तर अगदी चपखल बसतो. मी हाच घेते. फक्त अनेकवचन डावमोडे करायचं ना, घरफोडेसारखं?